पाटी मोटरची असते

पाटी वाचून भोंगा ओळखणारा माणूस तिच्या लेखी कच्चा. हे ती तोंडावर सांगायची, त्यामुळे जुने भोंगे जमवणाऱ्यांच्या गोतावळ्यात तिला मान होता आणि मित्र कमी होते. कुणीतरी बंद पडलेल्या गिरणीच्या छपरावरून उतरवलेल्या धुडाचा फोटो पाठवायचा, सोबत पितळी पाटीचा फोटो, आणि वर फोन करून विचारायचा, "काय भोंगाबाई, लागली ना लॉटरी?"

"पाटी मोटरची असते," ती म्हणायची. "मोटर दहा-बारा वर्षांत जळते. दुसरी बसवतात, तिच्याबरोबर तिची पाटी येते. तुम्ही नवऱ्याच्या कोटावरून बायकोचं नाव सांगताय. खिडक्या मोजल्यात?"

"मोजल्या की. बारा."

"उंची?"

"कुणाची, माझी?"

"खिडकीची. मोजा आणि उद्या फोन करा."

पलीकडचा माणूस फोन ठेवून कुणाला तरी सांगत असणार, की म्हातारी भोंग्यापेक्षा मोठ्याने वाजते. सांगू दे. तिचं काही अडत नव्हतं.

भोंगा म्हणजे तसं अगदी साधं यंत्र. आत एक पंखा, कडेने खिडक्या पाडलेला. त्याच्याभोवती तशाच खिडक्यांचा लोखंडी पिंजरा, तो जागचा हलत नाही. मोटरने पंखा फिरवला की खिडकीसमोर खिडकी येते आणि जाते, हवा सुटते आणि अडते, सेकंदाला शेकडो वेळा. खिडक्या किती आणि पंखा किती वेगात, यावर सूर ठरतो. खिडकी केवढी, यावर आवाज किती लांब जाणार ते ठरतं. बारा खिडक्यांचे दोन भोंगे एका काळी सगळीकडे होते, एकाच कंपनीचे. एकाची खिडकी नऊ सेंटिमीटर उंच, दुसऱ्याची चार. कंपनीच्या कागदांत त्यांची नावं बारा-नऊ आणि बारा-चार. जमवणारे लोक एकाला थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. दोघांचा सूर एकच. जवळ उभं राहिलं तर दोघंही कान फोडतात, आणि कुठला वाजतोय ते सांगता येत नाही. फरक कळायला लांब जावं लागतं.

चौतीस वर्षं तिने मापन प्रयोगशाळेत काढली होती. वजनं, काटे, आवाज मोजायची यंत्रं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. लग्न केलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. राहायला दोन खोल्या, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा भोंगे, प्रत्येकाच्या गळ्यात तिच्या बारीक अक्षरातलं कार्ड. शेजारीपाजारी म्हणत, बाईला छंद आहे. तीही तसंच म्हणायची.

नगर संग्रहालयातून फोन आला तेव्हा ती एका पिंजऱ्याचा गंज काढत होती. फोनवरची मुलगी व्यवस्थापक होती, नवीन होती आणि भराभर बोलत होती. रसायनांचा जुना कारखाना आता पाडतायत ना मॅडम, त्याच्या छपरावरचा भोंगा आम्हाला मिळालाय, त्या अपघाताच्या दालनात ठेवणार आहोत, मॉडेलची खात्री करून द्याल का, तुमचं नाव सगळ्यांनीच सुचवलं.

तिने ओल्या हाताने फोन धरला होता. "येते," एवढंच म्हणाली.

त्या कारखान्याच्या फाटकावर तिचे वडील पहारेकरी होते. तेहतीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी टाकीचा सांधा सुटला. आत दोनच माणसं: फाटकावर वडील आणि टाकीपाशी पंपवाला. पंपवाला जागीच गेला. वायू जड होता, तो कालव्याच्या कडेकडेने सरकत पलीकडच्या खोलगट वस्तीत उतरला. अकरा माणसं गेली. वडील म्हणाले, मी बटण दाबलं, भोंगा तीन मिनिटं वाजला, मग माझी शुद्ध गेली. वस्तीतले लोक म्हणाले, आम्हाला काही ऐकू आलं नाही. चौकशी समिती दुसऱ्या दिवशी आली, कारखान्याच्या अंगणात उभी राहिली आणि बटण दाबून बघितलं. भोंगा असा वाजला की साहेबांनी कानांवर हात ठेवले. म्हणजे भोंगा ठीक होता. म्हणजे पहारेकरी खोटं बोलत होता.

तरी समितीने प्रयोगशाळेकडे आकडेमोड मागितली. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची, नोकरीचं तिसरं वर्ष. ते काम तिने स्वतः मागून घेतलं. तिला खात्री होती, की एवढं अंतर, मधे गोदामाची उंच भिंत, वस्ती खोलात. आवाज पोचलाच नसणार, आणि हे आपण सिद्ध करू. भोंगा कुठला ते कळायला हवं होतं. थोरला भाऊ त्याच कारखान्यात देखभालीचा फोरमन होता. तिने त्याला फोन केला, "दादा, भोंग्याच्या पाटीवर काय आहे?" त्याने वाचून दाखवलं: बारा-नऊ. तिने गणित मांडलं. तीस मीटरवर एकशे पंधरा डेसिबल. वस्तीपर्यंतच्या अंतराचे तीस वजा, भिंतीचे वीस वजा. उरले पासष्ट. पासष्ट डेसिबल म्हणजे समोरच्याने खणखणीत बोलावं एवढा आवाज. ऐकू यायलाच हवा होता.

तिने तीनदा तपासलं. गणित बरोबर होतं. मग तिने खाली सही केली, कारण आकडा आपल्या बापाचाही नसतो असं तिला शिकवलेलं होतं आणि ते तिला पटलेलं होतं.

वडिलांची नोकरी गेली. बाजारात लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. नऊ वर्षं ते खिडकीत बसून होते. कुणी विचारो न विचारो, दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "वाजला होता." मग गेले. ते गेल्यावर वर्षभराने तिने पहिला भोंगा विकत घेतला, घरी आणून उघडला, आणि तिला दिसलं की पाटी एकाची आणि पिंजरा दुसऱ्याचा असू शकतो. त्या दिवसापासून तिच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. पण कारखान्याचा भोंगा छपरावर होता. कारखाना अपघातानंतर आणखी पाच वर्षं चालून बंद पडला होता आणि फाटकाला कोर्टाचं कुलूप होतं. भाऊ मात्र चार गल्ल्या पलीकडे राहत होता. त्याला विचारायला कुलूप आडवं येत नव्हतं. तिने विचारलं नाही, बावीस वर्षं.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत भोंगा लाकडी फळ्यांवर ठेवला होता. व्यवस्थापक मुलीने केसांत पेन्सिल खोचली होती आणि हातात फलकाचा कच्चा मजकूर होता.

"पाटी स्पष्ट आहे मॅडम, बारा-नऊ. तुम्ही फक्त हो म्हणायचं. आणि हा मजकूर ऐकता का? 'हा भोंगा त्या दिवशी वाजला असता तर अकरा जीव वाचले असते. पहारेकऱ्याने तो वाजवला नाही.' थोडं अंगावर येतं ना? मुद्दामच तसं ठेवलंय. लोक थांबून वाचतात."

"येतं," ती म्हणाली आणि पिशवीतून व्हर्निअर, बारीक मापाची जबड्यांची पट्टी, काढला.

खिडक्या बारा. तिने व्हर्निअरचे जबडे एका खिडकीत घातले आणि वाचलं. मग समोरच्या बाजूच्या खिडकीत घातले. मग आणखी एका. एक्केचाळीस मिलिमीटर, चाळीस आणि वर थोडं, एक्केचाळीस. धाकटा. थोरल्याच्या मोटरवर धाकट्याचा पंखा आणि धाकट्याचा पिंजरा. तिने बॅटरी लावून आत पाहिलं. थोरल्याचा जाड शाफ्ट, पंखा बसतो तो दांडा, लेथवर उतरवून बारीक केला होता, काम सुरेख होतं, कड हाताने मोडलेली. आणि पंख्याच्या मधल्या तुंब्यावर, बसवताना खूण म्हणून, पंचने तीन टिंबं मारली होती. त्रिकोणात.

तिला मोजायचं आता काही उरलं नव्हतं. अशी तीन टिंबं तिच्या आईच्या शिवणयंत्राच्या चाकावर होती, जुन्या सायकलच्या आऱ्यांपाशी होती, वडिलांच्या खुर्चीच्या पायाला होती. दादा जे जे जोडायचा त्यावर ती असायची.

गणित तिने तिथेच डोक्यात केलं. धाकट्याचे तीस मीटरवर अठ्ठ्याण्णव. तीस गेले, वीस गेले, उरले अठ्ठेचाळीस, तेही उघड्यावर. बंद दाराआड जेवायला बसलेल्या घरात काहीच नाही.

"हो ना मॅडम? बारा-नऊ?"

"नाही. आणि मी कळवीपर्यंत फलक छापू नका."

दादा गॅलरीत स्टुलावर बसून टेबलफॅन उघडत होता. अडुसष्टाव्या वर्षीही शेजाऱ्यांचे पंखे, मिक्सर त्याच्याकडेच यायचे. वहिनीने दार उघडलं.

"या वन्सं. आज गप्प येणार की वाजत?"

"दादाशी बोलायचंय."

"म्हणजे वाजत." वहिनी हसली आणि आत चहा ठेवायला गेली.

ती समोरच्या खुर्चीत बसली. "दादा, मी आज कारखान्याचा भोंगा मोजला."

"हं."

"एक्केचाळीस मिलिमीटर."

स्क्रूड्रायव्हर थांबला. मग पुन्हा फिरला, स्क्रू निघाला, त्याने तो बशीत टाकला. "तुला बरा मिळाला बघायला."

"मी तुला पाटी विचारली होती. तू बारा-नऊ सांगितलंस."

"तू पाटी विचारलीस, मी पाटी वाचली. तेव्हा म्हणाली असतीस, दादा, वर चढ आणि खिडकी मोज, तर..."

"तर मोजली असतीस?"

त्याने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण बहिणीसमोर ते तोंडातून निघेना. "नसती," तो म्हणाला. "पण तू म्हणालीसही नाहीस, शास्त्रीणबाई. टेबलावर बसून सगळं जग मोजलंस."

हे खरं होतं आणि ते लागायचं तिथे लागलं. तिने पंख्याचं एक सुटं पातं उचललं आणि परत ठेवलं.

"धाकटा कधी चढवलास?"

"आधी चौदा महिने. थोरल्याचा पंखा तडकला होता. नवा मागवतो म्हणाले साहेब, तोवर भागव. गोदामात हा धूळ खात पडला होता. शाफ्ट उतरवला, बसवला, खाली उभं राहून वाजवला. कान बधिर झाले. म्हटलं, झकास. नवा काही आला नाही."

"आणि अपघातानंतर?"

"साहेबांनी केबिनमध्ये घेतलं. छपरावरचं काम कुणाचं, म्हणाले. म्हटलं, माझं. मग जास्त बोलू नकोस, म्हणाले. पोरं केवढी होती माझी? सहा आणि चार."

"बाबा नऊ वर्षं वाजला होता, वाजला होता म्हणत बसले. तू शेजारच्या पाटावर बसून जेवायचास, दादा. तुला घास कसा उतरायचा?"

"बाबांना माहीत होतं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"शिडी त्यांनीच धरली होती," तो म्हणाला. "धाकटा चढवताना. खालून सांगत होते, सांभाळून, पाय बघून टाक. त्यांना माहीत नसेल होय? अपघातानंतर मी एकदा म्हटलं, बाबा, मी समितीला सांगून टाकतो. तर म्हणाले, एकाचं वाटोळं झालंय ते पुरे. तू पोरांकडे बघ."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते ठेवले नाहीत.

"आणि माझ्याबद्दल?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "मी जे लिहून दिलं, त्याबद्दल काही म्हणाले?"

दादाने पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणाले, पोरीचं गणित बरोबरच असणार. ती चुकत नाही."

तिचे हात मांडीवर होते, ते तिने तसेच ठेवले. मग पिशवीतून कागद काढला. येतानाच लिहून आणला होता, तीन ओळींचा: अमुक महिन्यात मी बारा-नऊचा पंखा व पिंजरा काढून बारा-चारचा बसवला. खाली सहीची जागा. "पंखा आत्ता लहान आहे हे मी दाखवू शकते. त्या दिवशी लहान होता, हे फक्त तू सांगू शकतोस. फलकावरून बाबांची ओळ काढायची आहे, दादा. दुसरं काही नको."

"आणि तिथे माझी ओळ येणार."

"तुझं नाव घालू नका म्हणून सांगेन."

"गावाला काय कळत नाही? तेव्हा फोरमन कोण होता, विचारायला किती वेळ लागतो?" त्याने कागद हातात घेतलाच नाही. "बाबांनी स्वतः ठरवलं होतं गप्प राहायचं. मोडणारी तू कोण?"

"वन्सं," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती, "मेलेल्या माणसाला फलक वाचता येत नाही. आम्हाला येतो. आमच्या पोरांना येतो."

ती उठली. कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. "मग तू मला जे सांगितलंस ते मी लिहिणार."

"लिही," दादा म्हणाला. "लिहायची तुला हौसच आहे."

चहा तसाच राहिला.

पत्राला तिला चार दिवस लागले. पहिल्यांदा सात पानं झाली. मग जे सिद्ध होतं ते आणि जे नुसतं वाटत होतं ते तिने वेगळं केलं आणि वाटणारं सगळं काढून टाकलं. दीड पान उरलं. मोजमाप. तेव्हाचा देखभाल फोरमन, जो माझा भाऊ आहे, त्याने अमुक तारखेला माझ्याजवळ तोंडी दिलेली कबुली. पहारेकरी हे माझे वडील होते, हेही. आणि शेवटी: तेहतीस वर्षांपूर्वीची आकडेमोड मी भोंगा न बघता, पाटीच्या आधारे केली होती, ती चुकीची आहे आणि मी ती मागे घेते. हे वाक्य लिहिताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी त्रास झाला. तिला वाटलं, एवढंच तर होतं, हे आधी का नाही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापक मुलगी स्वतः घरी आली. पेन्सिल केसांत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि फाइल मांडीवर धरून ठेवली.

"मॅडम, मला तुमचं पत्र फार... म्हणजे मी दोनदा वाचलं. मी तुमच्या भावांना भेटले. विचारावं लागतं ना, नियमच आहे."

"बरोबर आहे. काय म्हणाले?"

"म्हणाले, पंखा त्यांनीच बदलला. पण अपघातानंतर दोन वर्षांनी." तिने फाइल उघडली आणि लगेच मिटली. "लेखी दिलंय. सहीनिशी."

"सहीनिशी," ती म्हणाली.

"आणि म्हणाले..." मुलगी अडखळली.

"सांग. काय म्हणाले असेल ते मला साधारण माहीत आहे."

"म्हणाले, बहिणीचा वडिलांवर फार जीव. आता वय झालं, एकटी असते, दिवसभर त्या भोंग्यांत. मनाने घेतलंय तिच्या. तिला दुखवू नका म्हणाले."

शेडमधल्या पत्र्यावर कुठलंसं पाखरू नखं घासत होतं. भावाचं कौतुक करावं तेवढं थोडं होतं. त्याने असं खोटं निवडलं होतं जे तिच्या एकाही मापाशी भांडत नव्हतं. पंखा लहान, हो. बसवला मीच, हो. टिंबं माझी, हो. फक्त तारीख इकडची तिकडे. आणि तारीख लोखंडावर उमटत नाही. देखभालीची वही कारखान्याच्या दिवाळखोरीत गेली होती, साहेब वारले होते.

"अहवालात एक जबानी आहे," ती म्हणाली. "वस्तीतल्या एका बाईची. भोंगा गेलं वर्षभर आम्हाला ऐकूच येत नव्हता, चाचणीच्या दिवशीसुद्धा, असं ती म्हणाली होती. चौदा महिने, आणि ती म्हणते वर्षभर. ते जुळतं."

"वाचली मी ती. पण समितीनेच पुढे लिहिलंय, दुःखाच्या भरात केलेलं विधान, म्हणून विचारात घेतलं नाही. मी अहवालाच्या विरुद्ध कशी जाऊ मॅडम?"

"माझी आकडेमोड मी मागे घेतलीय. अहवाल तिच्यावर उभा आहे."

"हो, पण मागे कुणाकडे घेणार? समिती केव्हाच विसर्जित झाली. मी तुमच्या प्रयोगशाळेलाही फोन केला. ते म्हणाले, एवढी जुनी कागदपत्रं आम्ही ठेवत नाही आणि निवृत्त माणसाने निकाल मागे घ्यायची पद्धत नाही." मग ती हळूच, अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "आणि तेव्हा ती आकडेमोड मानली गेली ना, ती तुम्ही पहारेकऱ्याची मुलगी असूनही दिलीत म्हणूनच. अहवालात तसं म्हटलंय. निःपक्षपातीपणाचा नमुना, असा शब्द आहे."

तिला तो शब्द पाठ होता. त्या शब्दावर तिला पुढे बढती मिळाली होती.

"फलकावर आता काय असेल?"

मुलीने कागद काढून वाचला. बारा-चार, मोटर बारा-नऊची. पंखा व पिंजरा अपघातानंतर बदललेला. मग ती दोन वाक्यं, तशीच. आणि खाली, मॉडेलची ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञ म्हणून, तिचं नाव.

"नाव काढ."

"काढता येत नाही मॅडम. ओळख कुणी पटवली ते लिहावंच लागतं. उलट तुमच्या नावामुळेच तर फलकाला वजन आहे."

मुलगी वाईट नव्हती. जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि चप्पल घालताना डोळे पुसले. छापायचं ते तिने छापलंच.

दालन उघडलं त्या दिवशी ती तिथे गेली नाही. ती कालवा ओलांडून वस्तीत गेली. पुलापासून वस्तीपर्यंतचं अंतर तिने कागदावर कितीदा तरी मोजलं होतं, पायी मात्र कधी चालली नव्हती. गोदामाची भिंत अजून होती. तिच्या मागे रस्ता उतरत जायचा आणि उताराच्या तळाशी दोन ओळींत बसकी घरं. इथे उभं राहून बघितलं तर कारखान्याचं छप्पर दिसलंच नसतं. आता तर ते नव्हतंच.

जबानी देणारी बाई हयात आहे एवढं कळलं होतं. शेवटून तिसरं घर. म्हातारी दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसली होती, ऐंशीच्या पुढची, डोळे मात्र लख्ख. तिचा नवरा आणि धाकटी मुलगी त्या दिवशी गेली होती.

"कोण गं? डोळे तपासणीवाली का?"

"नाही आजी. मी भोंग्याचं सांगायला आले."

म्हातारीने पाय आवरून घेतले आणि पायरीकडे बोट केलं. ती पायरीवर बसली. सांगायचं ते तिने सोपं करून सांगितलं. वरचा भोंगा मोठा होता, तो मोडला, त्याजागी लहान बसवला. जवळ तेवढाच वाजायचा, इथवर यायचा नाही. तुम्ही वर्षभर ऐकू येत नाही म्हणालात, ते खरं होतं.

"खरं म्हणजे काय, खरंच होतं," म्हातारी म्हणाली. "आम्ही बहिरे होतो काय सगळे? मी त्या साहेबाला म्हटलं, ये माझ्या घरी, दार लावून बस, आणि वाजव तुझा भोंगा. तर म्हणाला, बाई, शांत व्हा." ती खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे त्या पहारेकऱ्याने दाबलं होतं बटण?"

"दाबलं होतं."

"आणि आम्ही त्याच्या दारात जाऊन काय काय बोललो. मी चप्पल फेकली होती. त्याला लागली नाही, पण फेकली होती." तिने खुर्चीच्या हातावरून दोनदा हात फिरवला. "तू त्याची कोण?"

"मुलगी."

"अगं." म्हातारीचा चेहरा मऊ झाला. तिने हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला. तेहतीस वर्षांत वडिलांच्या नावाने तिच्या अंगाला लागलेला हा पहिला हात. ती हलली नाही. "बरं केलंस आलीस. थांब, चहा टाकते. एवढं लांब चालत आलीस."

म्हातारी उठायला लागली, खुर्चीचे हात धरून, आणि अर्ध्यावर थांबली.

"पण मग ते कसं? आम्हाला एक कागद वाचून दाखवला होता. कुणीतरी शिकलेल्याने हिशेब करून लिहिलं होतं, तुम्हाला ऐकू यायलाच हवा होता म्हणून. त्यावरच सगळं बसलं. माझी पोर गेली आणि वर मीच खोटी. तो कागद कुणाचा होता?"

ती इथवर येऊन गप्प बसू शकली असती. म्हातारीला ते कधी कळलं नसतं.

"माझा," ती म्हणाली. "मी लिहिला होता. न बघता."

म्हातारी तशीच अर्धवट उभी राहिली. मग हळूहळू पुन्हा खुर्चीत बसली. मांडीवर हात घेतले. समोरच्या घराच्या बंद दाराकडे बघत राहिली.

रस्त्यावरून एक बाई घागर घेऊन गेली, तिने दोघींकडे पाहिलं.

"चहा टाकणार होते मी," म्हातारी शेवटी म्हणाली, तिच्याकडे न बघता.

"हो," ती म्हणाली. पायरीवरून उठली, पिशवी खांद्याला लावली आणि चढाला लागली.